मानेमागचा ९७ कोणाचा? आणि वाचकांचे आणखी काही फुटबॉल प्रश्न

या महिन्यात पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे नियमांबद्दल विचारणारी त्यात जेमतेम दोन, बाकी सगळी क्लब, फॅन आणि भांडणं. त्यामुळे नियम मधेच कुठेतरी उरकून टाकतो आणि जागा भांडणांना देतो. पत्रं थोडी कापलीयत, राग मानू नका.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. लिव्हरपूलच्या मॅचसाठी रात्री दीडला उठून बसतो, हरले की दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत येतो. ते जाऊ दे. परवा त्याची जर्सी धुवायला घेतली तर आत मानेमागे ९७ आकडा आणि दोन बाजूंना ज्योती. म्हटलं हा कुठला खेळाडू, तर म्हणे "आई, खेळाडू नाहीये तो, तुला नाही कळायचं." मग आहे कोण? (एक आई, नाशिक)

ताई, खेळाडू नाही हे बरोबर. पण तुम्हाला नाही कळायचं हे साफ चूक, कारण ही गोष्ट लावून धरणाऱ्यांत आयाही पुढे होत्या.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डमधलं हिल्सबरो मैदान, इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहम फॉरेस्ट. तेव्हा इंग्लंडमध्ये गोलमागे लोक उभ्यानेच मॅच बघायचे आणि ते मैदानात घुसू नयेत म्हणून समोर उंच लोखंडी जाळी असायची, आडव्यासुद्धा जाळ्या, म्हणजे सरळसरळ पिंजरेच. लिव्हरपूलवाल्यांना जी बाजू दिली होती तिथे आत जायची फाटकं कमी, बाहेर गर्दी वाढत चाललेली, मॅच तीनला सुरू होणार आणि तीनला आठ मिनिटं असताना पोलिसांनी बाहेर पडायचं मोठं गेट उघडून दिलं. लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन पिंजऱ्यांत शिरले जे आधीच खचाखच भरले होते, बाजूच्या पिंजऱ्यांत जागा होती पण तिकडे वळवायला तिथे कोणी उभंच नव्हतं. पुढची माणसं जाळीवर चिरडली गेली. तीन वाजून सहा मिनिटांनी मॅच थांबवली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच दिवशी ९४ गेले. ९७ वा माणूस त्या दिवशीच्या दुखापतींमुळे गेला २०२१ मध्ये, बत्तीस वर्षांनी. सगळ्यात लहान मुलगा दहा वर्षांचा होता, पुढे लिव्हरपूलचा कॅप्टन झालेल्या स्टीव्हन जेरार्डच्या नात्यातला.

आणि खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. चारच दिवसांनी 'द सन' या पेपरने पहिल्या पानावर छापलं की लिव्हरपूलच्या फॅननी मेलेल्यांचे खिसे मारले, मदत करणाऱ्या पोलिसांना मारहाण केली वगैरे. सगळं धादांत खोटं. तो पेपर लिव्हरपूल शहरातली बहुतेक माणसं आजही हातात धरत नाहीत, कित्येक दुकानदार ठेवतच नाहीत. पोलिसांनी स्वतःच्याच लोकांचे जबाब बदलले होते हे २०१२ च्या चौकशीत बाहेर आलं आणि २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि फॅनचा त्यात काहीही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं लागली हो, तोवर कोर्टात खेटे घालणाऱ्यांमधले काही आईबाप हे जग सोडून गेले. आज इंग्लंडच्या मोठ्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या दिसतात आणि समोर जाळी नसते, ते या घटनेनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे.

आधी जर्सीवर ९६ असायचं, त्या शेवटच्या मृत्यूनंतर ९७ केलं. दीड वाजता उठण्याबद्दल म्हणाल तर शनिवार-रविवारच्या मॅच आपल्याकडे बहुतेक संध्याकाळी नाहीतर रात्री लवकरच असतात, मधल्या वारी होणाऱ्या चॅम्पियन्स लीगच्या तेवढ्या मध्यरात्रीनंतर, त्यामुळे फक्त बाद फेरीच्या मॅचला उठायचं असा तह करून बघा. डब्याचा तह मात्र तुमचा तुम्ही ठरवा.

प्रश्न : एफसी पुणे सिटीसाठी बालेवाडीत ऑरेंज आर्मीबरोबर घसा फाटेस्तोवर ओरडलोय. २०१९ ला क्लबच संपला. मित्र म्हणतात आता मुंबईला सपोर्ट कर. मेलो तरी नाही करणार. पण मग करू काय? (अनाथ पुणेकर, कोथरूड)

मुंबईला सपोर्ट करू नकोस, यावर चर्चासुद्धा नको.

बाकी तुझं दुखणं खरं आहे आणि ते एकट्या पुणे सिटीचं नाही. २००७ ला पुणे एफसी सुरू झाला, चांगला चालवलेला क्लब, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या टॉपच्या लीगमध्ये, दुसरा आला, आणि नंतर दोन-तीन वर्षांत गुंडाळला. भारत एफसी नावाचा एक आला आणि एकच सीझन खेळून गेला, आठवतोय का तरी कोणाला? मग तुझा पुणे सिटी, २०१४ ते २०१९, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत पोचला होता. त्याच्या जागी आयएसएलमध्ये, म्हणजे आताच्या टॉपच्या लीगमध्ये, हैदराबाद एफसी आणला, त्यांनी २०२१-२२ ची ट्रॉफीसुद्धा मारली, आणि २०२५ मध्ये मालक बदलून तोही क्लब दिल्लीला गेला. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला, आणि प्रत्येक वेळी मागे राहिली ती स्टँडमधली माणसं.

हे असं होतं कारण आपल्याकडे टॉपच्या लीगमधला क्लब म्हणजे मुळात एक फ्रँचाइजी, मालकाने पैसे भरून घेतलेली जागा. तोटा दरवर्षी असतो, तो एक दिवस मालकाला झेपेनासा होतो, की कार्यक्रम आटोपला. खालून वर चढत आलेला क्लब असता तर पैसे संपल्यावर खाली घसरला असता, पण राहिला असता शहरातच.

आता विम्बल्डनची गोष्ट ऐक. टेनिसवाल्या विम्बल्डनमध्येच एक फुटबॉल क्लब होता, १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. १९९१ ला त्यांचं प्लाउ लेन मैदान सुटलं, मग दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळत राहिले, आणि २००२ मध्ये तिघांच्या समितीने परवानगी दिली की मालकांनी क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यावा, चांगला ऐंशी-नव्वद किलोमीटर लांब. फॅन रडले, भांडले, आणि मग काही आठवड्यांत त्यांनी स्वतःचाच क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. प्लेयर कुठून आणायचे? विम्बल्डन कॉमन नावाच्या उघड्या मैदानावर खुली ट्रायल ठेवली, दोनशेच्या वर पोरं आली. सुरुवात इंग्लंडच्या लीगच्या उतरंडीत नवव्या पायरीवरून, म्हणजे समोर अर्धवेळ खेळणारे आणि बाजूला चहाची टपरी. मधे ७८ लीग मॅच एकही न हरता काढल्या, २०११ ला पेनल्टीवर ल्यूटनला हरवून फुटबॉल लीगमध्ये आले आणि २०१६ ला तिसऱ्या पायरीवर. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, त्याच प्लाउ लेनवर, स्वतःच्या नव्या स्टेडियममध्ये परत, आणि त्यातला बराचसा पैसा फॅनकडूनच बाँडने उभा केला. क्लबचा ताबा अजून फॅनच्या ट्रस्टकडे आहे.

पुण्यात हे होईल का? उद्या नाही होणार. खालच्या पायऱ्या इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपासून आहेत, रेफरी आहेत, मैदानं आहेत, आपल्याकडे त्याच पायऱ्या डुगडुगतात. पण पुणे जिल्हा संघटनेची लीग दरवर्षी होते आणि तिथे मॅच बघायला प्लेयरांचे नातेवाईकच जास्त असतात. तुझ्यासारखे वीस जण ढोल घेऊन त्यातल्या एका क्लबमागे उभे राहिले तर त्या क्लबचे लोक दचकतील आधी, मग चहा पाजतील.

प्रश्न : तुम्ही लोक कायम कोलकाता, गोवा, केरळ. कोल्हापूरचं नाव घेताना जीभ अडखळते काय? आमच्याकडं वर्ल्ड कप असो नसो, फुटबॉलचा नाद खुळा. आणि आमचा एकबी संघ वर का जात नाही ते पण सांगून टाका. (पेठेतला एक, कोल्हापूर)

भावा, जीभ अडखळत नाही, जागा कमी पडते. आज घे.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे खरंच माहीत नसतं. तिथल्या क्लबांची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे कुस्तीचीच तालीम, लाल मातीची. जी तालीम पैलवान घडवायची, गणपती बसवायची, पेठेतली भांडणं मिटवायची (आणि करायचीसुद्धा), तिचाच फुटबॉल संघ. कुस्तीला राजाश्रय होता तसा फुटबॉललाही छत्रपती घराण्याचा राहिला, १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए आहे आणि सगळ्या मॅच शाहू स्टेडियमवर. त्यामुळे पोरगा जन्मला की संघ ठरलेलाच, मंगळवार पेठेतला असेल तर पाटाकडील नाहीतर प्रॅक्टिस, शिवाजी पेठेतला असेल तर शिवाजी नाहीतर खंडोबा, यात निवड वगैरे भानगडच नाही. युरोपात लोक ज्याला फॅन कल्चर म्हणून डोक्यावर घेतात ते हेच असतं, मोहल्ला आणि क्लब वेगळे न काढता येणं. पाटाकडील-शिवाजीच्या मॅचला संध्याकाळी अर्ध्या शहराचा मूड ठरतो. स्थानिक संघांत आफ्रिकेतले प्लेयर खेळून जातात आणि पेठेतली पोरं त्यांना महिन्याभरात मराठी शिव्या शिकवतात.

वाईट बाजूपण सांगतो, कारण तूही मनातल्या मनात ती कबूल करत असशील. हुल्लडबाजी, दगडफेक, मॅच थांबणं, संघांवर बंदी, हे दर काही वर्षांनी होतंच. ज्या काकांनी पोराला खांद्यावर बसवून आणायचं ते मग घरी बसतात.

वर का जात नाही? वर जायचं म्हणजे नुसतं जिंकायचं नाही. राष्ट्रीय लीगला क्लब लायसन्स लागतं: नोंदलेली संस्था, ऑडिट केलेले हिशोब, वयोगटांचे संघ, लायसन्सवाले कोच, ठरलेल्या दर्जाचं स्टेडियम, वर भारतभर फिरायचा खर्च. तालीम वर्गणीवर आणि एखाद्या नेत्याच्या मर्जीवर चालते, तिला हे कसं झेपणार. आणि समजा एका तालमीला झेपलंच तर दुसऱ्या पेठा तिच्यामागे उभ्या राहतील का, खरं सांग. सगळ्या तालमींनी मिळून एक शहराचा संघ काढावा असं मलाही वाटायचं, आता वाटत नाही, त्यात कोल्हापूरचं कोल्हापूरपणच जाईल. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला तो कोल्हापूरचाच, म्हणजे पोरं वर जातायत. आणि शहर लहान म्हणून काही अडतं असंही नाही, तीन-साडेतीन लाख वस्तीच्या ऐझॉलने २०१६-१७ ची आय-लीग मोहन बागानच्या नाकावर टिच्चून जिंकली होती.

प्रश्न : चॅम्पियन्स लीगमध्ये गट कुठे गेले? आणि बाहेर मारलेला गोल डबल धरायचे ते का बंद झालं? (निवृत्त बँकवाले, सातारा)

काका, गट गेले. २०२४-२५ पासून ३६ संघांचं एकच मोठं टेबल, प्रत्येकाला आठ मॅच, आठ वेगवेगळ्या संघांशी. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत, नऊ ते चोवीस आपसांत दोन-दोन मॅच खेळून उरलेल्या आठ जागा भरणार, पंचविसापासून खालचे घरी. मॅच वाढल्या म्हणजे टीव्हीचे पैसे वाढले, एवढंच कारण पुरे. बाहेर मारलेल्या म्हणजे अवे गोलचा नियम युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, २०२१ मध्ये काढला. तो आणला होता पाहुण्यांनी नुसता बचाव करत बसू नये म्हणून, पण पुढे उलटंच झालं, घरचाच संघ गोल खाऊ नये म्हणून घाबरून खेळायला लागला.

प्रश्न : मी सांगलीची, लग्न बंगाली घरात, राहते कोलकात्यात. डर्बीच्या दिवशी हौसेनं नारळाच्या दुधातली कोळंबी केली तर सासरे ताटावरून उठले. नवरा हसतोय, कारण सांगत नाही. माझं चुकलं काय? (सांगलीची सून)

अगं ताई, चुकलं म्हणजे काय, थेट शत्रूचा झेंडा लावलास घरावर! कोळंबी म्हणजे तिकडची चिंगडी मोहन बागानची आणि हिलसा मासा ईस्ट बंगालचा, आणि डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबांची मॅच, ती जो जिंकेल त्याच्या गोटात तो मासा शिजतो आणि बाजारात त्याचा भाव चढतो. तुझे सासरे ईस्ट बंगालवाले आहेत हे कोणीतरी तुला लग्नाआधीच सांगायला हवं होतं, पत्रिका बघतात तसं.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ ला त्यांनी आयएफए शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ हरवलं, अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, आणि तेव्हापासून तो क्लब बंगालचा अभिमान वगैरे झाला. ईस्ट बंगाल निघाला १९२० ला, पूर्व बंगालच्या माणसांना डावललं जातं या रागातून, आणि फाळणीनंतर तिकडून घरदार सोडून आलेल्या लाखो लोकांना या शहरात आपलं म्हणायला तोच क्लब होता. इथले मूळचे ते घोटी आणि तिकडून आलेले ते बांगाल, भाषेची ढब वेगळी, स्वयंपाक वेगळा, मासा वेगळा. त्यामुळे सासऱ्यांच्या ताटातली हिलसा ही नुसती खाण्याची गोष्ट नाही, त्यात त्यांच्या आईवडिलांचं सुटलेलं गाव असू शकतं. एकदा विचारून बघ, गप्पा निघतील.

सासऱ्यांना खूश करायचं असेल तर दोन सालं पाठ कर. १९७५, आयएफए शील्डची फायनल, ईस्ट बंगाल ५-०. आणि १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेकवर एक लाख एकतीस हजार माणूस, बायचुंग भुतियाची हॅटट्रिक, ४-१. हे नुसतं सहज बोलून दाखव आणि पुढचा अर्धा तास ऐकत बस. १६ ऑगस्ट १९८० मात्र चेष्टेत कधी काढू नकोस. त्या दिवशी ईडन गार्डन्सवर डर्बीतच दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले, दोन्हीकडचे, आणि त्यांच्या आठवणीत तिथे अजून त्या दिवशी रक्तदान होतं.

नवरा मोहन बागानवाला असावा असा मला दाट संशय आहे, म्हणून हसतोय. त्यांच्याकडच्या फॅनचंही एक मानावं लागेल. २०२० ला त्यांचा क्लब एटीके या कोलकात्यातल्याच आयएसएल क्लबात विलीन झाला आणि नाव एटीके मोहन बागान झालं, तर यांनी तीन वर्षं एटीके काढा म्हणून पाठपुरावा केला, फलक, मोर्चे, बहिष्कार, आणि २०२३ ला संघ चॅम्पियन झाल्या झाल्या मालकाला नाव बदलावं लागलं. आणि हे दोघं कायम भांडतातच असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर शहर रस्त्यावर होतं, ड्युरँड कपची डर्बी पोलीस पुरणार नाहीत म्हणून रद्द केली, तर दोन्ही क्लबांचे फॅन, बरोबर शहरातल्या तिसऱ्या क्लबचे म्हणजे मोहमेडनचेही, स्टेडियमबाहेर एकत्र येऊन घोषणा देत होते, एकाच्या खांद्यावर दुसऱ्या रंगाची जर्सी घातलेला. पोलीस मॅचला पुरले नसते म्हणे, लाठीमाराला बरे पुरले.

पुढच्या डर्बीला सरळ अंड्याची आमटी कर.

प्रश्न : रोनाल्डो येणार म्हणून फातोर्डा स्टेडियमचं तिकीट काढलं, तो आलाच नाही. फसवणूक नाही का ही? बाबा म्हणतात, आमच्या काळी साळगावकर-डेम्पो बघायला कोणी यायची गरज नव्हती. (फोंड्याचा एक, गोवा)

फसवणूक म्हणायला तिकिटावर त्याचं नाव हवं, तिथे एफसी गोवा विरुद्ध अल नस्र (त्याचा सौदी क्लब) एवढंच होतं. २२ ऑक्टोबर २०२५ ला अल नस्रने त्याला आणलाच नाही, २-१ जिंकून गेले. पण गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिसने मारला, गोव्याचं पोर, आशियातल्या श्रीमंत क्लबांपैकी एकाविरुद्ध. तू तो गोल डोळ्यांनी बघितलास आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही, ह्याला काय म्हणू? २०२३ ला नेमारचंही हेच, त्याचा अल हिलाल क्लब नवी मुंबईत मुंबई सिटीशी खेळायला येणार म्हणून तिकिटांवर उड्या पडल्या, आणि तो मॅचआधीच ब्राझीलकडून खेळताना गुडघा मोडून बसला.

मेसी तर आला, डिसेंबर २०२५ ला. कोलकात्यात लोकांनी हजारो रुपये मोजले, तो वीस-एक मिनिटं मैदानात, आणि तेवढा वेळ भोवती पुढारी आणि फोटोवाल्यांचं कडं, स्टँडमधून दिसलं काय तर डोकी. मग खुर्च्या उपटून फेकल्या. राग समजू शकतो, खुर्च्यांचं समर्थन नाही. पण मला जास्त बोचलं ते वेगळंच: त्याच महिन्यात आयएसएल बंद पडलेली होती. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीमधला २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार संपत होता, नवा ठरत नव्हता, प्लेयर घरी बसून होते आणि देश मेसीच्या हात हलवण्यासाठी रांगेत होता. आपण फुटबॉलवेडे आहोत म्हणताना जरा हे आठवावं.

बाबांचं म्हणशील तर सालं त्यांच्या बाजूने आहेत. डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, साळगावकर आणि चर्चिलने दोन-दोनदा. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले, कारण नवीन आराखड्यात आयएसएल वर आणि जुने क्लब कायमचे खाली असं दिसत होतं. वर चढायचा रस्ता नंतर उघडला, आय-लीग जिंकून पंजाब एफसी आणि मोहमेडन वर गेले, पण तोवर गोव्याची सात-आठ वर्षं वाया. डेम्पो २०२४ ला परत आय-लीगमध्ये आला. बाबांना घेऊन धुळेरच्या मैदानावर गोव्याच्या लीगची मॅच बघून या, तिथे सांगितलेले सगळे प्लेयर खरंच येतात.

प्रश्न : म्युनिकला नोकरीला आहे. ऑफिसातला क्लीनरसुद्धा म्हणतो की तो बायर्नचा मेंबर आहे आणि मतदान करतो. हे खरं की गप्पा? आणि २०२४ ला मैदानावर टेनिसचे बॉल का फेकत होते? (आयटीवाला, म्युनिक)

खरं आहे, आणि क्लीनर"सुद्धा" का, त्याचंच मत तुझ्या बॉसच्या मताएवढं असतं.

जर्मनीत ५०+१ नावाचा नियम आहे, १९९८ पासून. क्लबला आपल्या फुटबॉल विभागाची कंपनी काढता येते, बाहेरचे गुंतवणूकदार घेता येतात, पण मतांचं बहुमत मूळ क्लबकडे म्हणजे सभासदांकडेच राहिलं पाहिजे. शेख येवो की अमेरिकन फंड, पैसे घाल बाबा, खुर्ची नाही मिळणार. सभासद वर्षाची फी भरतो, सर्वसाधारण सभेला जातो, आणि आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतो तसा तिथेही कल्ला होतो, फक्त विषय पार्किंगचा नसतो, २०२३ पर्यंत तर तो कतारच्या स्पॉन्सरशिपचा असायचा. अपवाद आहेत: लेव्हरकुसेन बायर कंपनीचा, वुल्फ्सबर्ग फोक्सवागनचा, आणि लाइपझिगने तर मतदार सभासदच मूठभर ठेवून नियमाला वळसा घातला, म्हणून बाकीचे फॅन त्यांच्या नावाने बोटं मोडतात.

टेनिसचे बॉल त्याच भांडणातले. लीगने ठरवलं की पुढच्या वीस वर्षांच्या टीव्ही उत्पन्नातला आठ टक्के हिस्सा एका गुंतवणूक फंडाला द्यायचा, बदल्यात सुमारे एक अब्ज युरो. फॅनचं म्हणणं, आज आठ टक्के, उद्या मॅच कधी आणि कुठे खेळायची हेही तोच ठरवणार. मग मॅच सुरू असताना बॉल, चॉकलेटची नाणी, एकदा तर रिमोटवर चालणाऱ्या गाड्या मैदानात सोडल्या, मॅच थांबायच्या, टीव्हीवाले हतबल, आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने सौदाच सोडून दिला. माझ्या माहितीत अलीकडे फॅननी जिंकलेली ही सगळ्यात मोठी लढाई, २०२१ ला युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःपुरती काढलेल्या सुपर लीगचा फुगा दोन दिवसांत फुटला तो सोडून.

तुला सुचवू का, बायर्नची तिकिटं मिळणं कठीण आहे, बर्लिनला कधी गेलास तर युनियनच्या मैदानावर जा. २००८-०९ मध्ये ते मैदान पडायला आलं होतं, क्लबकडे पैसे नाहीत, तर दोन हजारांवर फॅननी रजा काढून स्वतःच्या हाताने बांधलं, एक लाख चाळीस हजार तास फुकट काम. त्याआधी २००४ ला क्लब बुडत होता तेव्हा फॅननी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबला दिले. जागा बहुतेक उभ्याच्या आहेत, पायात चांगले बूट घाल.

प्रश्न : मी ठाण्याचा, मँचेस्टर सिटीचा फॅन. ऑफिसात "प्लास्टिक" म्हणून चिडवतात. आणि मुंबईला फुटबॉलचा इतिहास आहेच कुठे, २०१४ आधी इथे होतं काय? (हलका निळा, ठाणे)

प्लास्टिकचं म्हणजे नकली फॅन म्हटल्याचं मनावर घेऊ नकोस, चिडवणारा बहुतेक मँचेस्टर युनायटेडचा असेल आणि तोही त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर गेलेला नसेल. दुसऱ्या वाक्याला मात्र सोडणार नाही.

१८९१ पासून मुंबईत रोव्हर्स कप होता, ड्युरँड आणि आयएफए शील्डच्या बरोबरीचा. कूपरेज मैदानावर अख्खा देश खेळून गेला, हैदराबाद सिटी पोलीसने तर १९५० ते १९५४ सलग पाच वेळा तो नेला. २०००-०१ नंतर बंद पडला आणि कोणी फार रडलंही नाही. क्लब म्हणशील तर मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, म्हणजे ज्या गिरण्या-कंपन्यांनी हे शहर चालवलं त्यांचेच संघ, आणि महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० ला तो संघ कंपनीने बंद केला. ऑफिसच्या संघाचं हेच असतं, नोकरी टिकते पण संघ टिकत नाही, गिरण्या गेल्या तसे हेही गेले.

२०२५ ला भारताचे कोच झालेले खालिद जमील माहितीयत ना? ते महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मग मुंबई एफसीत कोच म्हणून वर्षानुवर्षं तुटपुंज्या बजेटवर संघ खालच्या लीगमध्ये घसरू नये म्हणून झटत राहिले, आणि तिथून काढल्यावर ऐझॉलला जाऊन त्याच पहिल्या सीझनला चॅम्पियन. ते वर सांगितलं ते ऐझॉल हेच. मुंबईला इतिहास नाही म्हणणाऱ्याने एवढी एक कुंडली तरी वाचावी.

तुझ्या सिटीच्या मालकांनी २०१९ ला मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, त्या काळात दोन लीग शील्ड (टेबलात पहिलं आल्याबद्दल) आणि दोन कप आले, आणि २०२५ संपता संपता तेही बाहेर पडले. मुंबई सिटीचे फॅन, वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, मात्र अंधेरीत त्याच स्टँडमध्ये आहेत. ठाण्याहून मेट्रोची वाट बघत बसू नकोस, घाटकोपरला उतरून मेट्रो धर, आझाद नगरला उतर, तिथून स्टेडियम चालत आहे, आणि हलका निळा टी-शर्ट तुझ्याकडे आधीच आहे.